सवाईच्या मांडवात पाच दिवस

मॉरिशसहून मुंबईचे विमान पकडणाऱ्या आपल्या मंडळींचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. आधी सिद्धिविनायक, मग शिर्डी, मग साड्या आणि भांड्यांची खरेदी, आणि दिवस उरलेच तर पणजोबांचे गाव शोधण्यासाठी रत्नागिरीकडे एक फेरी. २०२३ च्या डिसेंबरात मी आणि माझी थोरली आत्या मात्र केवळ गाणे ऐकण्यासाठी पुण्यास गेलो. पाच दिवस मांडवात बसलो. त्यात अमृताचे क्षण आले, तसेच ‘कशाला आलो इथे!’ असे वाटायला लावणारे क्षणही आले. दोन्ही सांगितल्याशिवाय हकिगत पुरी होणार नाही. म्हणून वाचक बंधुभगिनींनो, हा प्रपंच.

आत्याची ओळख आधी करून दिली पाहिजे. तिचे वय ७४. कास्कावेलच्या आमच्या घरात भजनाची पहिली ओळ नेहमी तिची. गणेश चतुर्थीला झाकरीचे रिंगण धरले की ढोल आणि झांजेच्या वर तिचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येई. तीन वर्षांपूर्वी तिच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, पण आवाज गेला. म्हणजे बोलता येते, परंतु सूर लावायला गेली की घोगरा वारा तेवढा निघतो. त्या दिवसापासून तिने झांज खुंटीला टांगली. गावातल्या मुली ‘आम्हाला शिकव’ म्हणून येत, त्यांनाही ती परत पाठवी. “फुटक्या घागरीने कोणी पाणी भरते का?” एवढेच उत्तर.

तिच्याकडे भीमसेन जोशींच्या अभंगांची एक जुनी कॅसेट होती. टेप झिजून आवाज थरथरू लागला तरी ती लावायची. तिला एकदा सवाईला न्यायचे, असे मी मनाशी ठरवले होते. करोनामुळे २०२० आणि २०२१ साली महोत्सव झालाच नाही. २०२२ साली आमचे जमले नाही. पुढच्या वर्षी मात्र तिकिटे काढूनच टाकली.

हा महोत्सव कोणाचा?

पुणेकर त्याला नुसते ‘सवाई’ म्हणतात. पूर्ण नाव सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. जन्म १८८६ सालचा, गाव धारवाडजवळचे कुंदगोळ. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ हे त्यांचे गुरू. रामभाऊ मराठी नाटकांतून स्त्रीभूमिका करीत, आणि ‘सवाई गंधर्व’ ही पदवी त्यांना त्या नाटकाच्या दिवसांत मिळाली. १९५२ च्या सप्टेंबरात पुण्यात त्यांचे निधन झाले. दुसऱ्या वर्षी, म्हणजे १९५३ साली, गुरूच्या पुण्यतिथीनिमित्त शिष्याने गाण्याचा कार्यक्रम केला, आणि तीच या महोत्सवाची सुरुवात. तो शिष्य म्हणजे भीमसेन जोशी. वयाच्या अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात गदगहून घर सोडून पळालेला हा मुलगा पुढे भारतरत्न झाला. त्यांनी हयातभर हा उत्सव आपल्या खांद्यावर वाहिला. २०११ च्या जानेवारीत ते गेले, तेव्हापासून गुरूच्या नावापाठोपाठ शिष्याचेही नाव उत्सवाला लागले. आर्य संगीत प्रसारक मंडळ ही संस्था तो भरवते.

यातली एक गोष्ट आपण मॉरिशसकरांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्या उत्सवाला पुण्याचे भूषण मानतात, तो उभा करणाऱ्यांपैकी कितीजण पुण्याचे? रामभाऊ आणि भीमसेन दोघेही कानडी मुलखातले. सवाई गंधर्वांच्या शिष्या गंगूबाई हंगल धारवाडच्या, शिष्य फिरोज दस्तूर पारशी, आणि गुरू अब्दुल करीम खाँ उत्तरेतल्या कैरान्याचे, मिरजेत स्थायिक झालेले. गाणे जिथे रुजले तिथले झाले. मग चार-पाच पिढ्या समुद्रापलीकडे राहिलेल्या आपल्यासारख्यांनी तिथे परके का वाटून घ्यावे? हा प्रश्न मला मांडवात बसल्यावर सुचला, कारण परके वाटण्याची पाळी आमच्यावर आलीच.

पहिला दिवस

पूर्वी अनेक वर्षे हा उत्सव शनिवार पेठेतल्या रमणबागेच्या मैदानावर होत असे. अलीकडे तो मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडांगणावर होतो. भला थोरला मांडव. पुढे व बाजूला कोच आणि खुर्च्या, आणि बाकी सारी भारतीय बैठक, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या जाजमांवर मांडी घालून बसायचे. आम्ही पाचही दिवसांच्या बैठकीच्या प्रवेशिका घेतल्या होत्या. आपल्याकडे डिसेंबर म्हणजे घामाच्या धारा आणि लिचीचा हंगाम. पुण्यात संध्याकाळ झाली की अंगात हुडहुडी भरते. रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. माझ्याकडे एक पातळ स्वेटर होता. आत्याने तीन साड्यांबरोबर शाल आणली नव्हती. पहिला धडा तिथेच मिळाला.

आमच्या शेजारी एक पुणेकर काकू बसल्या होत्या. थर्मास, चकलीचा डबा, पाठीला टेकायला उशी, पायावर पांघरूण, असा सगळा संसार बरोबर. आत्या कुडकुडताना पाहून त्यांनी न विचारता अर्धे पांघरूण तिच्या गुडघ्यांवर टाकले. “अहो ताई, पहिल्यांदाच आलात वाटतं? बोलण्यावरून कोकणातल्या दिसता.” आत्या म्हणाली, “आमचे खापरपणजोबा रत्नागिरीकडचे. जहाजात बसून गेले ते गेले. आम्ही मॉरिसचे.” काकूंनी हातातली चकली तशीच ठेवली. “एवढ्या लांबून गाणं ऐकायला आलात?” मग आजूबाजूच्या चार जणांना त्यांनी ही बातमी सांगितली आणि आम्ही त्या कोपऱ्यातले पाहुणे झालो.

शहनाईच्या मंगल सुरांनी आरंभ करण्याची इथली जुनी रीत. ते सूर ऐकताच आत्याने हात जोडले. पुढे ख्यालगायन सुरू झाले. हजारो माणसे, आणि तंबोऱ्यांचा झंकार मागच्या रांगेपर्यंत ऐकू यावा इतकी शांतता. आपल्याकडे समुद्रकिनाऱ्यावर सेगा सुरू झाला की पाचव्या मिनिटाला सगळी मंडळी पायांवर उभी असतात. इथे समेवर गायक आला की हजार माना एकदम हलतात, ‘वाह!’ असा एकच हुंकार उठतो, आणि पुन्हा शांत. हे मी जन्मात पाहिले नव्हते.

दुसरा दिवस, आणि एक बोचरे वाक्य

आता दुसरी बाजू सांगतो. शहरातली वाहने पाहून छाती दडपते. आम्हाला रिक्षाने पोहोचायला तासापेक्षा जास्त लागला. ओळखीच्या काकूंजवळ पोहोचेपर्यंत जागा भरली होती, त्यांनी पिशवी ठेवून आमच्यासाठी दोन हात जाजम राखले म्हणून बसता आले. दोन तासांनी गुडघे बोलू लागतात. उठावे तर माणसांच्या गर्दीतून पाय ठेवायला जागा नाही, प्रसाधनगृहापाशी रांग. गाणे रंगात आलेले असताना कोणाचा तरी मोबाईल वाजतो. काही लोक गाण्यापेक्षा बाहेरच्या खाद्यपदार्थांच्या दुकानांसाठीच आलेले असतात. वडे, भजी आणि कॉफी यांच्याभोवती गप्पांचा असा बाजार भरतो की आत कोण गाते आहे याची त्यांना दादही नसते. काही जण फक्त नावाजलेल्या कलावंतासाठी येतात आणि एखादा तरुण गायक तंबोरा जुळवू लागला की उठून चालू लागतात. त्या पोरांच्या मनाला काय वाटत असेल!

हे सगळे सोसता येते. सोसले नाही ते निराळेच. एक गायिका विलंबित एकतालात गात होत्या. आत्याला सवय भजनी ठेक्याची. आठ मात्रा, चटकन फिरून येणारा. विलंबित एकतालाच्या मात्रा बारा, पण इतक्या संथ की एकेका मात्रेत चार पावले मावतात. तिला सम सापडेना. ती बोटांनी मोजू लागली, मग नकळत हलकी टाळी वाजवू लागली, आणि ती चुकीच्या जागी पडू लागली. मागे बसलेले एक गृहस्थ पुढे वाकून म्हणाले, “अहो आजी, हे कीर्तन नव्हे. टाळ्या बंद करा.”

शब्द फार कठोर नव्हते. त्यांचे म्हणणे चूक होते असेही मला म्हणता येत नाही. परंतु जिने चाळीस वर्षे साऱ्या गावाला ठेका धरून दिला, तिला ते कसे लागले असेल? आत्याने हात पदराखाली घेतले. थोड्या वेळाने माझ्याकडे न पाहता क्रेओलमध्ये म्हणाली, “अनू अलॅ, बाबू.” चल, जाऊ या. रिक्षात ती गप्प होती. मुक्कामी पोहोचल्यावर म्हणाली, “हे शिकलेल्यांचं गाणं आहे. आपले लोक ऊस तोडायला गेले, तेव्हा हे इथेच राहिलं. आपल्याला ते आता परत मिळायचं नाही.” मी समजूत घालायला गेलो, तर शब्दाने शब्द वाढला. एवढा पैसा खर्चून आणले याची मी आठवणही करून दिली. ते मी बोलायला नको होते.

तिसरा दिवस

शुक्रवारी आत्या आली नाही. मी एकटा गेलो. त्या दिवशी सूर्य मावळताना मारवा ऐकला. षड्ज टाळत टाळत फिरणारा तो राग. घर दिसते आहे पण दार सापडत नाही, असे काहीसे वाटायला लावणारा. पाच दिवसांतले ते सर्वांत मोठे गाणे असावे. पण शेजारची जागा रिकामी होती, आणि मला ते गोड लागले नाही.

मध्यंतरात काकूंनी विचारले, “ताई कुठे?” मी घडले ते सांगितले. आत्याच्या आवाजाचेही सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग जुन्या दिवसांच्या गोष्टी निघाल्या. त्या लहान असल्यापासून इथे येत. तेव्हा गाणे रात्रभर चाले. लोक अंथरुणे घेऊन येत, मुले आईच्या मांडीवर झोपत, आणि पहाटेच्या रागांनी जागी होत. शेवटी भीमसेनजी गायला बसत आणि उजाडल्यावर मंडळी पायी घरी जात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी, आणि वर्षातले मोजके दिवस सवलत. तेव्हापासून रात्रीचा सवाई संपला. शेजारच्या आजाऱ्यांना, परीक्षेच्या मुलांना झोप मिळते, हे योग्यच. परंतु मध्यरात्रीचा दरबारी आणि पहाटेचा ललित आपापल्या वेळेला ऐकण्याची सोय मात्र त्याबरोबर गेली. “आम्हीसुद्धा काहीतरी हरवून बसलोच आहोत की,” काकू म्हणाल्या. “तरी येतो. ताईंना सांगा, मी उद्या जागा धरणार आहे. नाही आल्या तर ती रिकामीच राहील.”

आणि आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. ज्यांच्या नावाने हा मांडव उभा आहे त्या सवाई गंधर्वांचा स्वतःचा आवाजसुद्धा शेवटच्या काळात थांबला होता. अर्धांगवायूच्या आजाराने त्यांचे मैफलीतले गाणे बंद पडले. “तरी सत्तर वर्षं झाली, गाणं चालूच आहे. का? तर त्यांनी आधी देऊन ठेवलं होतं.” मी ते वाक्य जसेच्या तसे आत्याला सांगितले. ती काही बोलली नाही. सकाळी उठलो तेव्हा ती साडी नेसून तयार होती.

शनिवारची रात्र

शनिवारी मध्यरात्री बारापर्यंत सवलत होती. मांडव खच्चून भरला. मागचे ते गृहस्थ त्याच जागी होते. आत्याने त्यांच्याकडे पाहिले नाही. हात पदराखालीच ठेवले. काकू तिला हळूच सांगत होत्या, “ताई, मात्रा मोजू नका. तबल्याकडे कान ठेवा. मुखडा परत आला की समजा सम जवळ आली.” तिसऱ्या आवर्तनाला आत्याची मान बरोबर समेवर हलली. तिने माझ्याकडे पाहिले. पुढच्या आवर्तनाला पुन्हा हलली. एवढीच गोष्ट, पण तिच्या चेहऱ्यावरचा दोन दिवसांचा ताण त्याच क्षणी उतरला.

रात्री उशिरा एका गायकाने ख्याल संपवून अभंग धरला. पखवाज आणि टाळ सुरू झाले. आणि मग, वाचकहो, साऱ्या मांडवाने टाळी धरली. तोच आठ मात्रांचा ठेका. तोच, जो आपल्या देवळात दर एकादशीला वाजतो. जहाजातून आलेल्या लोकांनी कपड्यांच्या गाठोड्याबरोबर जो आणला, आणि ज्याला टिकवायला कुठली शाळा लागली नाही. आत्याचे हात पदराबाहेर आले. तिची टाळी अशी खणखणीत आणि नेमकी पडत होती की आजूबाजूची माणसे तिच्याकडे पाहून आपली टाळी सांभाळू लागली. मागच्या गृहस्थांनी आपली बसकण मागे सरकवली आणि म्हणाले, “आजी, पाय लांब करा, जागा आहे.” तिने पाय लांब केले, आणि टाळी चालू ठेवली.

शेवटचा दिवस

रविवारी दुपारी बारापासून बसलो. थकवा होता, पाठ धरली होती, आणि परतीच्या प्रवासाची काळजीही होती. काही गाणी मी डुलक्या घेत ऐकली, हे कबूल करतो. सगळे सगळेच ऐकले पाहिजे हा हट्ट वेडेपणाचा आहे.

सांगतेच्या वेळी इथे एक प्रथा पाळतात. व्यासपीठावरचे गायन संपले की सवाई गंधर्वांच्या आवाजातली भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात. कोणी उठत नाही. हजारो माणसे ज्याला कधी पाहिले नाही अशा माणसाचा आवाज ऐकत बसतात. ध्वनिमुद्रिकेची खरखर आहे, आवाज दुरून आल्यासारखा आहे. आत्याच्या झिजलेल्या कॅसेटची मला आठवण झाली. तिने डोळे मिटले होते. संपल्यावर तिने काकूंचा हात धरला, आणि दोघी बराच वेळ तशाच बसल्या. मांडवातली जाजमे गोळा करणारी माणसे जवळ आली तेव्हा उठलो. निघताना काकूंनी ते पांघरूण आत्याच्या पिशवीत कोंबले.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

महोत्सव डिसेंबरात पाच दिवस असतो. ज्यांना जायचे असेल त्यांनी गरम कपडे, बसायला लहान उशी आणि खाण्याचा डबा जवळ ठेवावा. गुडघे दुखत असतील तर थोडे अधिक पैसे देऊन खुर्ची घ्यावी, त्यात कमीपणा नाही. मुक्काम शक्य तितका मांडवाजवळ करावा, म्हणजे वाहनांच्या गर्दीचा ताप वाचेल. दिवसातून दोन किंवा तीन गाणी मन लावून ऐकावीत आणि बाकीच्या वेळी मोकळेपणाने चहा प्यावा. तरुण कलावंतांना अवश्य ऐकावे. आणि जाण्यापूर्वी महिनाभर आधी एखादा यमन, एखादा मारवा घरी ऐकून ठेवावा. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत हिंदुस्थानी संगीत शिकवतात. आपल्या मुलांपैकी कोणी तिथे शिकत असेल तर त्यालाच ताल समजावून सांगायला बसवावे. आमची तयारी कमी पडली, म्हणून आत्याला ते वाक्य ऐकावे लागले. त्या गृहस्थांपेक्षा माझी चूक मोठी, असे मला आता वाटते.

परत आल्यावर लोक विचारतात, “एवढा खर्च केलात, काय आणले?” मी पाठदुखी आणि सर्दी आणली. आत्याने एक पांघरूण आणले. परंतु आता दर रविवारी दुपारी आमच्या ओसरीवर चार मुली येऊन बसतात. आत्या गात नाही. ती अभंगाचे शब्द सांगते, टाळीने ठेका धरून देते, आणि एखादीचा सूर घसरला की मान हलवून ‘नाही’ म्हणते. सूर दाखवण्यासाठी ती जुनी कॅसेट लावते. खुंटीवरची झांज सर्वांत धाकट्या मुलीच्या हातात आहे. तिला अजून सम नीट सापडत नाही, आणि तिची टाळी चुकली तरी आत्या तिला रागावत नाही.